काढलेल्या दाताची खोबण कशी भरते
(दातांना तार लावणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी)

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋण आणि पुढील संकल्प यांना पहिला मान असतो, व तो योग्यच आहे. तथापि स्मरणिका घरोघरी जाते, कपाटात जपून ठेवली जाते आणि प्रसंगी पुन्हा उघडली जाते. तेव्हा तिच्यात संसारी माणसाच्या उपयोगी पडेल असे एखादे प्रकरण असावे, या हेतूने आम्ही प्रस्तुत विषय निवडला आहे.

आमचा पेशा शिक्षकाचा, वैद्यकाचा नव्हे. परंतु अनगोळमध्ये मुलांना शिकवणाऱ्या माणसाकडे पालक केवळ गुणपत्रिकेचे प्रश्न घेऊन येत नाहीत. पूर्वी दातांना तार लावलेला विद्यार्थी आमच्या शाळेत विरळाच दिसे. आता बहुतेक वर्गांत एखाददुसरा असतोच. बेळगावात दंतवैद्यकाच्या सोयी चांगल्या आहेत. नेहरूनगरातील के. एल. ई. संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय १९८५ सालापासून चालू आहे, आणि मराठा मंडळाचेही दंत महाविद्यालय शहरात आहे. त्यामुळे मुलाचे वेडेवाकडे दात घेऊन जाण्यास लोक आता संकोच करीत नाहीत. पण तेथून परत येताना हाती चिठ्ठी असते, की तार लावण्यापूर्वी चार दात काढावे लागतील, आणि मग पालक आम्हाला विचारतात, "सर, चांगले, न किडलेले दात काढायचे कशाला? आणि काढल्यावर ती जागा भरून येते का?"

या दोन प्रश्नांची उत्तरे जमतील तितक्या सोप्या शब्दांत देण्याचा आमचा प्रयत्न आहे. एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. दात काढल्याची जखम भरणे हे उपचारापूर्वीचे एक संकट असून ते एकदाचे पार पडले की खरा उपचार सुरू होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती जखम भरणे हा उपचाराचाच पहिला भाग होय. हे ज्या घराने ओळखले, त्या घरातील मुलाचे दात बहुधा नीट मार्गी लागतात.

निरोगी दात का काढतात?

हा प्रश्न मुळात अंकगणिताचा आहे. खालच्या जबड्यातील दाढा सोडल्या, तर पुढे दहा दात राहतात: पटाशीचे चार, सुळे दोन आणि उपदाढा चार. त्यांच्या रुंदीची बेरीज सामान्यतः ६५ मिलिमीटरच्या आसपास भरते. समजा, एखाद्या मुलाच्या जबड्याच्या कमानीत या दातांसाठी जागा आहे ५५ मिलिमीटर. म्हणजे १० मिलिमीटर कमी पडतात. बाकावर आठ मुले बसण्याची सोय असताना दहा बसवली, तर एक पुढे सरकतो, एक मागे दबतो, एक तिरका बसतो. दातांचेही तसेच होते.

एका उपदाढेची रुंदी साधारण ७ मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंची एकेक पहिली उपदाढ काढली, की १४ मिलिमीटर जागा मोकळी होते. त्यांपैकी १० मिलिमीटर दाटी मोडण्यात खर्च होतात आणि उरलेले ४ मिलिमीटर मागचे व पुढचे दात जवळ आणून मिटवावे लागतात. उपदाढाच निवडतात याचे कारण असे, की ती दाटीच्या जवळ असते आणि ती गेली तरी तिच्या मागची दुसरी उपदाढ व दाढा चावण्याचे काम सांभाळतात.

अर्थात प्रत्येक मुलाचे दात काढावे लागतातच असे नाही. दाटी थोडी असेल, तर दातांच्या कडा किंचित घासून, वाढत्या वयात जबड्याची कमान रुंद करून, अथवा दाढा मागे सरकवून भागते. हा निर्णय दातांचे साचे, क्ष-किरण चित्रे आणि चेहऱ्याची ठेवण पाहून तज्ज्ञ घेतात. "दात न काढता होईल का, आणि तसे केल्यास काय उणे राहील?" असे पालकांनी स्पष्ट विचारावे. चांगला वैद्य या प्रश्नाने रागावत नाही.

हा वाद जुना आहे

पालकांच्या मनातील शंका त्या शास्त्रातील धुरीणांनाही चुकली नाही. अमेरिकेतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांना या शास्त्राचे जनक मानतात. सर्व दात राखूनच दंतपंक्ती सरळ करावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचेच समकालीन केल्व्हिन केस यांनी १९११ साली उलट बाजू मांडली आणि मोठा वाद झाला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आढळले, की दात न काढता सरळ केलेल्या आपल्या अनेक रुग्णांचे दात पुन्हा पुढे येतात. त्यांनी त्याच रुग्णांच्या उपदाढा काढून नव्याने उपचार केले आणि त्याचे परिणाम जगापुढे ठेवले.

ऑस्ट्रेलियातील बेग या शास्त्रज्ञांनी १९५४ साली आणखी एक विचार मांडला. तेथील आदिवासींचे अन्न भरड. त्यामुळे त्यांचे दात झिजून अरुंद होत व जबड्यात सामावत. आपले अन्न मऊ झाले, दात झिजेनासे झाले आणि दाटी वाढली, असे त्यांचे म्हणणे होते. दाटीची इतरही कारणे आज मानली जातात. तरी दात काढण्यामागे विचाराची मोठी परंपरा आहे, एवढे यावरून पालकांच्या ध्यानी यावे.

दात काढण्याच्या कौशल्याची परंपरा तर याहून कितीतरी जुनी आहे. स्पेनमधील कॉर्डोबानजीक होऊन गेलेले अरब शल्यवैद्य अज़-ज़हरावी (९३६–१०१३) यांनी आपल्या ग्रंथात बजावले आहे, की काढावयाचा दात कोणता याची आधी पुरती खात्री करावी. वेदनेमुळे रुग्ण स्वतःच फसतो आणि चांगला दात दाखवतो. दाताभोवतीची हिरडी प्रथम सोडवावी आणि दात हळूहळू हलवून सैल करावा, असेही ते सांगतात. हजार वर्षांनंतरही हा उपदेश जसाच्या तसा लागू आहे. म्हणून तारेच्या तज्ज्ञाने दिलेली चिठ्ठी दात काढणाऱ्या वैद्याला दाखवावी, आणि कोणता दात निघणार हे सुई देण्यापूर्वी मुलासमक्ष एकदा पडताळून घ्यावे.

खोबण भरण्याचा क्रम

दात निघाला, की जबड्याच्या हाडात त्याच्या मुळाच्या आकाराची एक खोबण उरते. ती पुढील क्रमाने भरते.

पहिला दिवस : काही मिनिटांतच खोबणीत रक्त साकळते व त्याची गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. उघड्या हाडावर निसर्गाने घातलेले ते पांघरूण आहे, आणि पुढचे सर्व बांधकाम तिच्याच आधाराने होते.

पहिला आठवडा : गुठळीत सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात आणि मऊ, लालसर नवे मांस धरू लागते. या दिवसांत खोबणीवर पांढरट-पिवळसर थर दिसतो. पुष्कळ आया त्याला पू समजून कापसाने पुसून काढतात. तो पू नव्हे. भरत्या जखमेचाच तो थर आहे. त्याला हात लावू नये.

तिसरा ते पाचवा आठवडा : कडांची हिरडी आत सरकत जाऊन खोबणीचे तोंड मिटते. वरून पाहणाऱ्यास वाटते, की जखम भरली. आत मात्र काम चालूच असते.

दुसरा ते चौथा महिना : खोबणीत प्रथम कच्चे, विरळ हाड तयार होते, मग ते हळूहळू पक्के होत जाते. तीन-चार महिन्यांत खोबण हाडाने बहुतांशी भरते, आणि हाडाला घाट येण्याचे काम वर्षभर चालते.

आता या क्रमाची दुसरी बाजू पाहावी. दात गेला, की त्या जागीच्या हाडाला काम उरत नाही आणि ते बाजूंनी आखडू लागते. जागा नुसतीच मोकळी ठेवली, तर वर्षभरात त्या ठिकाणची हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते, आणि या घटीचा बराच मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो. जखम आपोआप भरते हे खरे. पण ती आपल्यासाठी थांबून राहत नाही.

तार आणि हाड यांचे सहकार्य

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचा एक पातळ पडदा असतो. तारेने दातावर मंद दाब दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड विशिष्ट पेशी विरघळवतात. ज्या बाजूला ताण पडतो तेथे दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. अशा रीतीने दात हाडातून वाट काढीत सरकतो. गती साधारण महिन्याला एक मिलिमीटर. सात मिलिमीटरची फट मिटण्यास सहा-आठ महिने का लागतात, हे यावरून उघड होईल. दाब वाढवला तर गती वाढत नाही. उलट तेथील रक्तपुरवठा गुदमरतो आणि मुळाला इजा होते.

ताज्या खोबणीच्या परिसरात हाडाची मोडतोड व नवबांधणी जोरात चालू असते. त्यामुळे शेजारचा दात त्या कोवळ्या हाडात तुलनेने सुलभपणे सरकतो. आणि तो सरकत असताना आपल्याबरोबर हाडही नीट राखून नेतो. खोबण जुनी होऊन आखडली, की हाच दात कष्टाने सरकतो, वेळ अधिक लागतो आणि हिरडीत घडी पडण्याचा संभव असतो. म्हणूनच दात काढल्यावर "परीक्षा होऊन जाऊ दे," "सुगी आटपू दे" असे म्हणत महिनोन्‌महिने थांबणे हानिकारक आहे. तज्ज्ञ जी तारीख देतील, ती पाळावी.

घरी पाळावयाचे नियम

१) बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा. सारखा काढून पाहू नये.
२) पहिले चोवीस तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, नळीने पेय ओढू नये. या तिन्हींमुळे गुठळी निसटते. लाळ गिळावी, लाळेत थोडे रक्त दिसले तरी घाबरू नये.
३) पहिल्या दिवशी गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, मग तितकाच वेळ काढावा.
४) बधिरता उतरेपर्यंत खाऊ नये. मुले बधिर ओठ चावून त्याची जखम करून घेतात.
५) दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर, हळुवार तोंड खळबळावे. बाकीचे दात ब्रशने नेहमीप्रमाणे घासावे. खोबणीला मात्र ब्रश लावू नये.
६) दुखण्यावरील गोळी वैद्यांनी सांगितलेलीच घ्यावी. अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ होते, म्हणून ती घरच्या मनाने देऊ नये.

आहाराची चिंता करण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट पेज, ताक, मऊ दहीभात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाचणीची आंबील, मुगाची खिचडी, शिरा, दुधात कुस्करलेली भाकरी. मुलाने हट्ट केल्यास तिसऱ्या दिवशी चमचाभर कुंदा देण्यास हरकत नाही. मात्र लगेच मिठाच्या पाण्याने तोंड खळबळावे. चिरमुरे, भडंग, शेव यांचे कण खोबणीत अडकतात. आठवडाभर ते वर्ज्य करावे. तार लागल्यावर तर ऊस सोलून खाणे, चकली फोडणे, कडक लाडू चावणे संपूर्ण उपचार होईतो सोडावे. त्याने तारेचे ठोकळे निखळतात आणि प्रत्येक वेळी उपचार लांबतो. दात काढण्याचा दिवस रोज्याचा किंवा एकादशीचा येत असेल, तर शक्य तो दिवस बदलून घ्यावा. औषधपाण्यासाठी आजाऱ्याला धर्माने सवलत दिलेलीच आहे.

तंबाखूविषयी दोन शब्द

आपल्या या सीमाभागात हे स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. निपाणीचा तंबाखू बिडीसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटली, हे विसरून चालणार नाही. पण त्याच सहवासाने घराघरांत मिसरी शिरली, आणि दात दुखला की तंबाखूची चिमूट दाबून धरण्याची रीत पडली.

आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगण्याजोगी आहे. तारेसाठी तिच्या खालच्या दोन उपदाढा काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आजीने मायेपोटी, नातीचे दुखणे कमी व्हावे म्हणून, खोबणीत मिसरी भरली. तिसऱ्या दिवशी कळ कानापर्यंत जाऊ लागली, तोंडाला दुर्गंधी आली आणि मुलीने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. वैद्यांनी पाहिले, तर गुठळी नाहीशी होऊन हाड उघडे पडले होते. त्यांनी खोबण धुऊन आत औषधी पट्टी बसवली, दोन दिवसांनी ती बदलली, आणि आठवड्याभरात मुलगी शाळेत आली. आजीने त्यानंतर मिसरीची डबी नातीच्या आसपास आणली नाही. पुढे स्वतःची सवयही पुष्कळ कमी केली.

या विकारास 'कोरडी खोबण' म्हणतात. साध्या दात काढण्यात तो शंभरात एक ते पाच जणांना होतो. अक्कलदाढ काढल्यावर अधिक, कोवळ्या वयात कमी. तंबाखू, बिडी, जोराची चूळ आणि खोबण कोरणे ही त्याची ओळखीची कारणे आहेत. लवंग, हळद, चुना, अत्तराचा बोळा यांपैकी काहीही खोबणीत घरच्या घरी कोंबू नये. तिला रक्ताच्या गुठळीखेरीज दुसरे काही नको असते.

डोळ्यांची समजूत

"वरचा दात काढला की नजर जाते," हे वाक्य आम्ही शिकल्यासवरल्या घरांतूनही ऐकले आहे. शरीरशास्त्र असे सांगते, की दृष्टीची नस स्वतंत्र असून ती डोळ्यातून थेट मेंदूकडे जाते. वरच्या दातांच्या संवेदना वाहणारी नस निराळी आहे. दात काढण्याने दृष्टीस बाध येत नाही. ही समजूत का पडली असावी? वृद्धापकाळी दात पडतात आणि त्याच सुमारास मोतीबिंदूही येतो. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्ही वर्गात विज्ञानाच्या तासाला शिकवतो. घरीही ते उपयोगी पडावे.

वैद्यांकडे केव्हा जावे?

बोळा नीट दाबूनही अर्ध्या तासात रक्त थांबत नसेल. तिसऱ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल. सूज तिसऱ्या दिवसानंतरही चढत असेल. ताप येत असेल. तोंड उघडत नसेल. किंवा ओठाची बधिरता दुसऱ्या दिवशीही उतरली नसेल, तर वाट पाहू नये. तसेच दात काढण्यापूर्वीच काही गोष्टी वैद्यांच्या कानी घालाव्या: मुलाला हृदयाच्या झडपेचा विकार आहे का, लहान जखमेतूनही रक्त फार वाहते का, दमा किंवा मधुमेह आहे का, कोणते औषध सोसत नाही का. या गोष्टी लपवण्यात कोणतीही अब्रू राहत नाही, विशेषतः मुलीच्या बाबतीत.

सारा हिशेब आधी करावा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही शेवटी ठेवली आहे. दात काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याचा खर्चही थोडा. तारेचा उपचार मात्र दीड ते अडीच वर्षे चालतो, महिन्या-दीड महिन्याने फेरी असते, आणि तार काढल्यावरही दात जागी धरून ठेवण्यासाठी रिटेनर वापरावा लागतो; अन्यथा हिरडीतील तंतू दातांना पुन्हा जुन्या जागी ओढतात. काही घरे दात काढून घेतात आणि मग पैसा, गावी जाणे किंवा मुलीचे लग्न यांपैकी काहीतरी आडवे येऊन उपचार अर्ध्यावर सुटतो. अशा मुलाचे दात वाकडे ते वाकडेच राहतात, वर चार फटी पडतात, आणि तो हसताना तोंडावर हात धरू लागतो. काढलेला दात कोणी परत आणून देऊ शकत नाही.

म्हणून आमची विनंती अशी, की पहिला दात निघण्याआधीच एकूण खर्च, एकूण अवधी आणि फेऱ्यांची सोय यांचा हिशेब एका कागदावर मांडावा. तो पेलणार नसेल, तर दात शाबूत ठेवून थांबावे. थोड्या उशिराने, मोठ्या वयातही हे उपचार होतात. दंत महाविद्यालयांतील बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी; तेथे अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात. आणि धर्मादाय संस्थांनी एखाद्या गरजू मुलास या कामी मदत द्यावयाची झाल्यास, ती केवळ पहिल्या बिलापुरती न देता शेवटच्या फेरीपर्यंतची द्यावी. तसे झाल्यास ते साहाय्य पूर्ण फळास येईल.

खोबण भरण्याचे काम निसर्ग करतो, दात सरकवण्याचे काम तज्ज्ञ करतात. पहिला आठवडा गुठळी जपणे, पुढची दोन वर्षे तारखा पाळणे आणि रात्री झोपण्यापूर्वी मुलाने दात घासले की नाही हे पाहणे, एवढेच घराच्या वाट्याला येते. ते मात्र दुसरे कोणी करून देत नाही.